पेशीतील राखणदार आणि बाटलीतील औषध

(वार्षिक सभेच्या निमित्ताने विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्त यांच्यासमोर रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वार्षिक व्याख्यानासाठी विषय निवडताना, बाह्यरुग्ण विभागात आम्हांस वारंवार विचारला जाणारा एखादा प्रश्न घ्यावा, असा आमचा प्रघात आहे. यंदाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी आला. रुग्णांचे नातेवाईक पिशवीतून रंगीबेरंगी बाटल्या काढून टेबलावर मांडतात आणि विचारतात, ‘‘डॉक्टर, ही अँटिऑक्सिडंटची गोळी बाबांना चालू ठेवायची ना?’’ महिनाकाठी इन्सुलिनसाठी पैसे कमी पडतात. पण ही बाटली मात्र कोणीतरी आवर्जून आणून दिलेली असते. दुसरीकडे काही सहृदय देणगीदारांनी अशी इच्छा व्यक्त केली आहे, की मधुमेहाच्या आणि कर्करोगाच्या गरीब रुग्णांना अशा कॅप्सूल रुग्णालयाने मोफत वाटाव्यात आणि त्याचा खर्च त्यांनी उचलावा. या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि होकार देण्यापूर्वी आपल्या शरीरात हे काम मुळात कोण करते आणि कसे करते, हे आपणां सर्वांसमोर मांडणे आम्हांस आवश्यक वाटले.

हे काम करणाऱ्या विकराचे, म्हणजे एंझाइमचे नाव थोडे अवघड आहे : मँगनीज सुपरऑक्साइड डिसम्यूटेज. नाव लक्षात राहिले नाही तरी बिघडणार नाही. आज आपण त्याला ‘राखणदार’ म्हणू.

आपण प्राणवायूवर जगतो हे शाळेतले मूलही सांगेल. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे दिवसाकाठी साडेतीनशे लिटरच्या आसपास प्राणवायू वापरतो. यातील बहुतांश प्राणवायू खर्च होतो तो पेशींमधील तंतुकणिकांमध्ये. मायटोकॉन्ड्रिया या नावाने आपल्यापैकी अनेकांना त्या ठाऊक असतील. या पेशीच्या चुली होत. खाल्लेल्या अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात पुढे दिले जातात आणि शेवटी प्राणवायूशी त्यांचा संयोग होऊन पाणी तयार होते. या देवघेवीत जी शक्ती मिळते तिच्यावर हृदय धडधडते, मेंदू विचार करतो आणि आम्ही आपल्यासमोर बोलू शकतो.

परंतु चूल म्हटली की ठिणगी आलीच. हातोहात जाणारा एखादा इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतो आणि जवळच्या प्राणवायूच्या रेणूला चिकटतो. त्यातून जे तयार होते ते सुपरऑक्साइड. हा एक मुक्त मूलक आहे. त्याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीविना असतो, म्हणून तो अस्वस्थ असतो आणि भोवतालच्या रेणूंशी झटापट करतो. लोह आणि गंधक असलेली तंतुकणिकेतील काही महत्त्वाची विकरे तो निकामी करतो. अशा ठिणग्या किती पडतात याविषयी मते बदलली आहेत. वापरलेल्या प्राणवायूच्या एक ते दोन टक्के असा आकडा जुन्या पाठ्यपुस्तकांत दिलेला असे. आता तो जिवंत शरीरात पुष्कळच कमी असावा असे मानले जाते. पण थोड्या असोत वा पुष्कळ, ठिणग्या अखंड पडत असतात, आणि त्या विझवणारा पहारेकरी चुलीजवळच उभा असावा लागतो.

तोच हा राखणदार. दोन सुपरऑक्साइड रेणू घेऊन तो त्यांतील एकाचा पुन्हा प्राणवायू करतो आणि दुसऱ्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड. हायड्रोजन पेरॉक्साइड हाही काही साधुपुरुष नव्हे. परंतु त्याचे पाणी करून टाकणारी वेगळी विकरे जवळच सज्ज असतात. राखणदाराचा वेग विलक्षण आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, सुपरऑक्साइड त्याच्यापर्यंत पोहोचायला जितका वेळ लागेल तेवढाच काय तो विलंब. चार सारख्या भागांचे हे प्रथिन असून प्रत्येक भागाच्या गाभ्यात मँगनीजचा एक अणू बसवलेला असतो आणि खरे काम त्या अणूपाशी होते.

एक गोष्ट आम्हांस फार मनोहर वाटते. या राखणदाराची घडण कशी करावी याची कृती, म्हणजेच त्याचे जनुक, तंतुकणिकेत नसून पेशीच्या केंद्रकात, सहाव्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन बाहेर तयार होते आणि त्याच्या टोकाला एक लहानशी शेपटी जोडलेली असते. पाकिटावर पत्ता असावा तशी ती शेपटी. ती पाहूनच तंतुकणिका त्याला आत घेते आणि आत आल्यावर ती कापून टाकली जाते. असे असूनही १९७३ साली संशोधकांनी त्याच्या रचनेची तुलना केली तेव्हा ते आपल्याच पेशीतील इतर भावंडांपेक्षा जिवाणूंमधील विकराशी अधिक मिळतेजुळते निघाले. तंतुकणिका हा कोणे एके काळी आपल्या पूर्वज पेशींच्या आश्रयाला आलेला जिवाणूच होय, या सिद्धांताला त्यामुळे पुष्टी मिळाली. पाहुणा घरचाच झाला, पण येताना स्वतःचा राखणदार घेऊन आला, असे म्हणावयास हरकत नाही.

भावंडे म्हणालो ती अशी : तांबे आणि जस्त असलेले एक विकर पेशीच्या द्रवात असते आणि दुसरे पेशीच्या बाहेर. तांबे असलेले प्रथिन बैलाच्या रक्तातून १९३८ सालीच वेगळे काढले गेले होते. परंतु ते करते काय, हे पुढील तीस वर्षे कोणास कळले नव्हते. ते केवळ तांबे साठवणारे प्रथिन असावे अशी समजूत होती. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड या तरुण संशोधकाने आपले मार्गदर्शक अर्विन फ्रिडोविच यांच्यासमवेत १९६९ साली त्याचे खरे कार्य प्रसिद्ध केले. १९७० मध्ये जिवाणूत मँगनीज असलेले विकर सापडले आणि १९७३ मध्ये तसेच विकर तंतुकणिकांतही असल्याचे दिसून आले. वैद्यकातील मुक्त मूलकांचा सारा विचार खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला.

राखणदार नसेल तर काय होते, याचे उत्तर १९९५ साली मिळाले. ज्यांच्यात हे जनुक मुद्दाम निकामी केले होते अशी उंदरांची पिले जन्मली, पण बहुतेक दहा दिवसांच्या आत दगावली. त्यांचे हृदय फुगून दुबळे झाले होते, यकृतात चरबी साचली होती आणि रक्तात आम्लता वाढली होती. याउलट पेशीद्रवातील, तांब्याचे भावंड काढून टाकलेले उंदीर मोठे होतात. त्यांना आजार जडतात, परंतु ते जगतात. यावरून चुलीजवळच्या पहारेकऱ्याचे महत्त्व ध्यानी यावे. माणसात असे उदाहरण पुष्कळ वर्षे सापडले नव्हते. २०२० साली हृदयस्नायूच्या अशाच विकाराने जन्मानंतर लवकरच दगावलेल्या एका अर्भकाची नोंद प्रसिद्ध झाली; त्या बाळात आई आणि वडील या दोघांकडून आलेले हे जनुक सदोष होते.

मग राखणदार निम्माच असेल तर? हा प्रश्न आम्ही मुद्दाम घेत आहोत, कारण बाटलीवरील मजकुरात ‘तारुण्य’ हा शब्द हटकून असतो. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडले, की वार्धक्य हे मुक्त मूलकांनी केलेल्या झिजेचे फलित आहे. कल्पना आकर्षक होती आणि पुढे तिच्यावर मोठा व्यापारही उभा राहिला. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्मा राखणदार असलेले उंदीर आयुष्यभर पाहिले गेले. त्यांच्या गुणसूत्रद्रव्याची हानी अधिक होती, गाठीही अधिक झाल्या. पण त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी भरले नाही. म्हणजे मुक्त मूलक आणि रोग यांचा संबंध आहे, परंतु मुक्त मूलक कमी केले की वय थांबते, हे गणित मात्र जुळत नाही.

आता मधुमेहाकडे वळू. आमच्या दृष्टीने आजच्या विषयाचा गाभा येथेच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. साखर वाढल्याने डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा का बिघडतात, याची चार वेगवेगळी रासायनिक कारणे शास्त्रज्ञांनी शोधली होती. पण ती चारही एकाच वेळी का चालू होतात हे कोडे होते. न्यूयॉर्कमधील मायकेल ब्राउनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याचे एक उत्तर दिले. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची पेशी साखरेला दार बंद करू शकत नाही. रक्तात साखर वाढली की तिच्यातही वाढते. चुलीत सरपण अधिक कोंबले जाते आणि सुपरऑक्साइडच्या ठिणग्या वाढतात. या संशोधकांनी अशाच पेशींमध्ये राखणदाराचे प्रमाण वाढवले, तेव्हा साखर तितकीच जास्त असूनही त्यांनी तपासलेले हानीचे मार्ग बंद राहिले.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. अमेरिका व कॅनडातील १४४१ रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९९३ साली पूर्ण झाला. हे रुग्ण लहानपणापासून वा तरुणपणापासून इन्सुलिनवर असलेले. निम्म्या रुग्णांची साखर काटेकोर सांभाळली होती, निम्म्यांची त्या काळच्या रीतीप्रमाणे. अभ्यास संपल्यावर सर्वांना काटेकोर उपचार देऊ केले गेले आणि काही वर्षांत दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. तरीही ज्यांची साखर आरंभी सैल राहिली होती त्यांचे डोळे आणि मूत्रपिंडे पुढे अनेक वर्षे अधिक बिघडत राहिली. शरीराने जणू जुना हिशेब वहीत लिहून ठेवला होता. वैद्यक याला ‘चयापचयाची स्मृती’ म्हणते.

ही स्मृती कोठे राहते? डेट्रॉइट येथील रेणू कोवलुरू यांच्या प्रयोगशाळेने मधुमेही उंदरांच्या दृष्टिपटलात याचा माग काढला. मधुमेहात दृष्टिपटलातील राखणदार दुबळा पडतो. साखर पुष्कळ काळ वाढलेली राहू दिली आणि नंतर उत्तम ताब्यात आणली, तरी राखणदार पूर्ववत होत नाही. याउलट ज्या उंदरांत तो मुळातच जास्त निर्माण केला होता, त्यांचे दृष्टिपटल पुष्कळसे सुरक्षित राहिले. ही स्मृती केवळ या एकाच विकरात साठलेली आहे असा दावा आम्ही करणार नाही. तिचे इतरही धागे आहेत. परंतु रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारलेल्या ‘‘आता साखर नॉर्मल आहे, मग डोळ्यांची तपासणी कशाला?’’ या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर आम्हांस माहीत नाही. साखर आज उतरली असेल. दृष्टिपटल मागील दहा वर्षे विसरलेले नाही.

याला आपल्या महाराष्ट्राचा एक संदर्भ आहे आणि तो जगभर सांगितला जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या खेड्यांतील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळे ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव त्या मानाने बारीक होते, परंतु त्वचेखालची चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. दिसायला हडकुळे, आतून स्थूल असे हे बाळ. पुढे मातेच्या रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलांमधील इन्सुलिनला होणारा विरोध यांचाही संबंध याच अभ्यासात दिसून आला. हे संशोधन आपल्या राखणदारावर नव्हते. पण आपल्याकडे मधुमेह युरोपातील माणसापेक्षा लहान वयात आणि सडपातळ शरीरात का येतो, यावर त्याने प्रकाश टाकला. पस्तिसाव्या वर्षी साखर वाढू लागली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी कळली, तर मधली दहा वर्षे चूल भडकलेलीच राहते. म्हणूनच चाळिशीच्या आतील, किडकिडीत दिसणाऱ्या पुरुषाचीही साखर आम्ही तपासावयास सांगतो, तेव्हा कृपया नाराज होऊ नये.

राखणदार दुबळा आहे तर तो बाहेरून पुरवावा, असे कोणाच्याही मनात येईल. येथे पहिली अडचण अशी की हे प्रथिन आहे. तोंडाने घेतले तर पोटात त्याचे तुकडे होतात. जसे डाळीचे होतात तसे. ते तंतुकणिकेपर्यंत अखंड पोहोचणे शक्य नाही. तेव्हा बाटल्यांत असतात ती जीवनसत्त्वे : ई, क, बीटा-कॅरोटीन आणि सोबत एखाद्या फळाचा अर्क. ती मुक्त मूलकांना परीक्षानळीत शांत करतात हे खरे. माणसात काय होते, हे पाहण्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीस मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांची कहाणी बोधप्रद आहे आणि थोडी खेदजनकही.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. ज्यांना बीटा-कॅरोटीन दिले होते त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. कमी व्हावा म्हणून दिले आणि वाढला. हा योगायोग असेल असे काहींना वाटले. परंतु अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी केलेले आणि अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले मिळून १८,३१४ जणांवर बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व यांची चाचणी चालू होती. तेथेही हा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक आढळल्याने १९९६ साली ती मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. पुढे ३५,५३३ पुरुषांवर ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ते घेणाऱ्यांत पुरस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक निघाला. आपल्या जिल्ह्यात सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र, आणि विडी ओढणारे रुग्ण आमच्याकडे रोज येतात. ‘विडी सुटत नाही, निदान गोळी तरी घेतो’ असे त्यांतील कोणी म्हणाला तर वरील आकडे त्यास अवश्य सांगावेत.

असे का व्हावे? याचे एक सुंदर उत्तर जर्मनीतील येना येथील मायकेल रिस्टो यांच्या २००९ सालच्या प्रयोगात आहे. त्यांनी निरोगी तरुणांकडून चार आठवडे नियमित व्यायाम करवून घेतला. निम्म्यांना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामाने स्नायूंत मुक्त मूलक वाढतात. हे तर अपेक्षितच. परंतु तेच मूलक पेशीला वर्दी देतात, की पहारा वाढवा. ज्यांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या त्यांच्या स्नायूंत राखणदाराचे आणि त्याच्या भावंडांचे उत्पादन वाढले व इन्सुलिनचा परिणामही सुधारला. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्यात हे दोन्ही लाभ दिसले नाहीत. वर्दी देणाऱ्याचेच तोंड बंद केले, मग पहारा वाढणार कसा?

मुक्त मूलक हे केवळ शत्रू नव्हेत, ही गोष्ट कर्करोगात अधिकच गुंतागुंतीची होते. कर्कपेशींत राखणदार बहुधा कमी असतो, असे १९७९ साली लॅरी ओबर्ली आणि गॅरी ब्यूटनर यांनी मांडले आणि १९९३ साली एका प्रयोगात त्याचे प्रमाण वाढवताच त्वचेच्या कर्कपेशींचा आडदांडपणा कमी झाला. तेवढ्यावरून तो कर्करोगाचा वैरी ठरावा; परंतु पुढे असे दिसले, की पसरलेल्या कित्येक कर्करोगांत तो उलट वाढलेला असतो आणि त्या पेशींनाच कठीण परिस्थितीत तगवतो. राखणदार धनी ओळखत नाही. ज्या घरी असेल ते घर राखतो. त्यातच किरणोपचार आणि काही औषधे कर्कपेशींना मारतात ती मुक्त मूलकांच्याच साहाय्याने. स्तनाच्या कर्करोगाच्या ११३४ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उपचारांच्या आधी आणि उपचार चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांत रोग पुन्हा उद्भवण्याकडे कल अधिक दिसला. ही पाहणी म्हणजे अखेरचा पुरावा नव्हे. तरीपण किरणोपचार वा केमोथेरपी चालू असताना आपल्या डॉक्टरांना न विचारता अशी कोणतीही गोळी देऊ नये, एवढे तिच्यावरून निश्चित सांगता येते.

राखणदाराची नक्कल करणारा, मँगनीज असलेला एक लहान रेणू औषध म्हणून तयार करण्याचा प्रयत्नही झाला आहे. तोंड आणि घशाच्या कर्करोगात किरणोपचार घेताना तोंडात जे असह्य व्रण पडतात, ते कमी करण्यासाठी अॅव्हासोपासेम नावाचे हे औषध शिरेवाटे दिले गेले. मोठ्या चाचणीत तीव्र व्रणांचे प्रमाण कमी झाले. तथापि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुरावा अपुरा ठरवून २०२३ मध्ये मान्यता नाकारली. तंबाखूमुळे होणाऱ्या मुखाच्या कर्करोगाचे आपल्या राज्यातील प्रमाण पाहता या दिशेच्या संशोधनाकडे आमचे लक्ष आहे.

नाशिकमध्ये हा विषय निघाला आणि द्राक्षांचे नाव आले नाही असे व्हावयाचे नाही. निफाड, दिंडोरीचे बागायतदार आम्हांस अभिमानाने विचारतात, ‘‘आमच्या द्राक्षात ते रेझव्हेरॅट्रॉल असतं ना?’’ असते, मुख्यतः सालीत. पण अगदी थोडे. आणि शंभर ग्रॅम द्राक्षांसोबत १५ ते १८ ग्रॅम साखरही पोटात जाते, हे मधुमेही रुग्णाने विसरू नये. द्राक्षे फळ म्हणून, बेताने, आनंदाने खावीत; औषध म्हणून नव्हे. वाइनविषयी तर स्पष्टच सांगतो : मद्य हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नमूद केले आहे. ‘हृदयासाठी म्हणून थोडी’ अशी शिफारस या रुग्णालयातून आपणांस मिळणार नाही.

मात्र याच रेझव्हेरॅट्रॉलची एक वेगळी कथा मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात लिहिली जात आहे. तेथील ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. इंद्रनील मित्रा यांचे म्हणणे असे, की मरणाऱ्या कर्कपेशींतून गुणसूत्रद्रव्याचे तुकडे बाहेर पडतात आणि निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवतात. हे तुकडे नष्ट करण्यासाठी त्यांनी रेझव्हेरॅट्रॉल आणि तांबे यांचा अत्यल्प मात्रेतील मेळ वापरला. गंमत अशी, की बाटलीवर ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवले जाते, ते रेझव्हेरॅट्रॉल तांब्याच्या संगतीत नेमके उलटे वागते : ते मुक्त मूलक निर्माण करते, आणि हे मूलकच त्या तुकड्यांचा फडशा पाडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये याविषयीच्या बातम्या झळकल्यावर ‘शंभर रुपयांची गोळी’ मागण्यासाठी आमच्याकडेही नातेवाईक आले. त्यांना आम्ही सांगितले तेच येथे सांगतो : संशोधन आशादायक आहे, माणसांवरील चाचण्या लहान आणि प्राथमिक आहेत आणि उपचार म्हणून ते अद्याप सिद्ध झालेले नाही. आणखी एक, बागेत बोर्डो मिश्रणासाठी घरोघरी मोरचूद असते. तांब्याचे नाव ऐकून कोणी भलता प्रयोग करू नये. मोरचूद हे पोटात गेल्यास विष आहे.

राखणदाराला मँगनीज लागते, मग मँगनीजची गोळी घ्यावी काय, असेही विचारले जाते. त्याची गरज नाही. बाजरी, गहू, डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या, इतकेच काय आपला चहा, यांतून ते पुरेसे मिळते. जास्तीचे मँगनीज मात्र मेंदूत साचते. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. या धातूची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्यास कंपवातासारखा विकार जडतो, हे वैद्यकाला १८३७ पासून माहीत आहे. त्याचप्रमाणे या विकराच्या जनुकातील लहानसहान फरक तपासून देणाऱ्या महागड्या चाचण्यांच्या जाहिराती दिसतात. असे फरक अनेक निरोगी माणसांत असतात आणि त्यांवरून उपचारात काही बदलावे लागत नाही. तो खर्च टाळावा.

तेव्हा देणगीदारांच्या त्या सूचनेविषयी. कॅप्सूल-वाटपाची योजना स्वीकारू नये, अशी शिफारस आम्ही विश्वस्त मंडळाकडे केली आहे. त्याऐवजी तोच निधी तीन गोष्टींना द्यावा, अशी आमची विनंती आहे. पहिली, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी गरजू रुग्णांना विनामूल्य. दुसरी, प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाची वर्षातून एकदा तपासणी, आणि त्यासाठी आदिवासी पाड्यांवर नेता येईल असा कॅमेरा. तिसरी, तंबाखू आणि विडी सोडवण्यासाठी पूर्णवेळ समुपदेशक. यांतील दुसऱ्या कामाला खर्च सर्वांत जास्त येईल, हे आम्ही जाणतो. परंतु दृष्टी गेल्यानंतर आलेल्या रुग्णासाठी आम्हांस फारसे काही करता येत नाही, म्हणून प्राधान्य त्यालाच द्यावे असे आमचे मत आहे.

आप्तांसाठी सूचना सोपी आहे. आपल्या रुग्णास रोज अर्धा तास चालवावे; गोल्फ क्लबचे मैदान असो, कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक असो, नाहीतर गावाकडचा बांध. ज्यांना छातीत दुखते वा पायाला जखम आहे त्यांनी आधी आम्हांस विचारावे. आणि पुढील भेटीस येताना घरातील सर्व औषधे, काढे, चूर्णे आणि त्या रंगीत बाटल्यासुद्धा एका पिशवीत घालून सोबत आणाव्यात. आम्ही रागावणार नाही. कोणती ठेवावी आणि कोणती थांबवावी एवढेच प्रत्येकीवर लिहून देऊ.